आनंदाची मिठी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मी आणि माझा धाकटा भाऊ बाबू मुंबईच्या बोटीत चढणार, तेवढ्यात मी आईच्या गळ्यात पडायला गेले. तिने हाताने मला मागे सारलं. "गळ्यात पडा नको गो. कोण मेला हा?"

आमच्याकडे बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात त्या कुणी गेल्यावरच. जाणाऱ्याच्या गालांवरून हात फिरवायचे आणि कानशिलावर बोटं मोडायची. आईने तेवढंच केलं. म्हणाली, बाबूक सांभाळ.

लालबागला माझा नवरा मिलमध्ये होता. बाबूही तिथेच बदली कामगार म्हणून लागला. मुंबई आपल्याला मिळालीच पाहिजे म्हणत मोर्चाला गेला आणि गोळी लागून पडला. शेजारची सखूअक्का धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मला कळलं.

मोर्चासाठी बायका गोळा करायला गिरगावातल्या एक शिकलेल्या बाई चाळीत यायच्या. बाबू गेल्यावर त्या फिरकल्या नाहीत. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी मात्र पेढे घेऊन आल्या आणि गॅलरीत सगळ्यांदेखत त्यांनी मला घट्ट मिठी मारली. नवरा पाळीवर गेला होता. "कोण गेलं?" म्हणत मी हंबरडाच फोडला. बायका हसल्या. बाईही हसल्या.

"अहो, ही आनंदाची मिठी. इंग्रजीत एम्ब्रेस म्हणतात."

मग पेढा हातावर ठेवून समजावत बसल्या. एम्ब्रेस म्हणजे कवेत घेणं, तसंच आपलंसं करणं, मनापासून पत्करणं. नवा विचार, नवा धर्मसुद्धा माणूस एम्ब्रेस करतो. मुंबईने नाही का आपल्या सगळ्यांना एम्ब्रेस केलं?

"आता दुःखही एम्ब्रेस करायला शिका."

मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. पेढा गिळला. तो अजून घशात आहे, म्हणून हे लिहिते. मुंबईने कवेत घेतलं म्हणता, तर मग बाबूची छाती कुणी फोडली? आणि दुःख पत्करायला सांगणाऱ्या तुम्ही कोण? ते आलं तेव्हा तुम्ही कुठे होता?

बाबू गेल्यावर मी गावी गेले होते. आईला बातमी आधीच कळली होती. ती अंगणात उभी होती. मी पिशवी टाकून धावले. तिने तोच हात पुढे केला.

"गळ्यात पडा नको गो. कोण मेला हा?"

वाडीतल्या बायका आल्या, त्यांनाही तिने जवळ येऊ दिलं नाही.

बाई, तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा. माझं घर म्हणजे ते अंगण. तिथे अजून कुणी कुणाच्या गळ्यात पडलेलं नाही.