सोबत जेन्ट्स कोण?

शहराबाहेर तलावाकाठी तंबूत राहायची एक सार्वजनिक जागा आहे. तिथे तंबू मिळतो, गादी मिळते, आधी सांगितलं तर पिठलं-भाकरीही मिळते. दोन बायकांना राहायची परवानगी तेवढी मिळत नाही. हे मला फोन केल्यावर कळलं, आणि तेव्हा फिरलेलं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

बेत माझ्या नणंदेचा. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. माझ्या सासू-सासऱ्यांचं सगळं त्यांनीच केलं, मग आजारी भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचंही केलं. तो गेल्यापासून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच आहोत. वन्संची साठी झाली तेव्हा मी विचारलं, काय हवं? मला वाटलं, येवल्याची पैठणी म्हणतील. त्या म्हणाल्या, "एक रात्र बाहेर झोपायचंय."

सटाण्याला लहानपणी उन्हाळ्यात सगळी भावंडं अंगणात झोपायची. वन्सं वयात आल्या आणि त्यांचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. भाऊ बाहेरच झोपत राहिले. त्यानंतर वन्सं कधी उघड्यावर झोपल्याच नाहीत. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती, संताप माझाच झाला. म्हणून मी लगेच फोन लावला.

"किती जण, मॅडम?" बुकिंगवाल्याने विचारलं.

"दोघी."

"सोबत जेन्ट्स कोण?"

"कोणी नाही."

"मग नाय जमणार. फॅमिली लागते."

"आम्ही फॅमिलीच आहोत. नणंद-भावजय."

"तशी फॅमिली नाय हो, मॅडम."

मग कशी? आमच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे, तेही सरकारनेच घातलेलं, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, तुमच्याच सेफ्टीसाठी आहे. मी विचारलं, भीती कोणाची? पुरुषांची, दुसऱ्या कोणाची असणार. म्हणजे भीती पुरुषांची आणि त्यावर उपाय म्हणून पुरुषच न्यायचा. हा नियम कुठे लिहिलाय ते तरी दाखवा म्हटलं, तर म्हणे, "लिहिलेला नाय, पण पद्धत आहे."

पुण्याला असलेल्या माझ्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्यात काय एवढं? मी येतो, गेटवर तोंड दाखवतो आणि परत जातो." पोरगा मनाने चांगला आहे, म्हणून तर जास्त चिडले. ज्याचं नाक वन्संनी पुसलं, त्याच्या हवाली आता आम्ही जायचं? मी त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "राहू दे गं वहिनी, गॅलरीत झोपेन." गॅलरीला आम्हीच चोरांच्या भीतीने जाळी बसवून घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला, या वेळी स्पीकरवर, पदर खोचून. वन्सं शेजारी मेथी निवडत होत्या. त्याने पुन्हा तेच विचारलं, सोबत जेन्ट्स कोण? मी तोंड उघडायच्या आत वन्संनी पुढे वाकून आपल्या भावाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"हां, मग काय हरकत नाय," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला. साहेबांना म्हणावं, दुपारनंतर या, असंही सांगितलं.

फोन ठेवला आणि मी वन्संवर तोंड सोडलं. आम्ही दोघी धडधाकट आहोत, कर भरतो, मतदान करतो, त्याचं काहीच नाही, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर तंबू मिळतो? लाज वाटते मला.

"मला नाही वाटत," वन्सं काड्या गोळा करत म्हणाल्या. "दादाने जिवंतपणी तुला-मला कुठे नेलं? आता नेऊ दे."

थोड्या वेळाने मोबाइलवर मेसेज आला. 'सर, आपले व आपल्या सोबतच्या दोन लेडीजचे स्वागत आहे.' मोबाइल माझा, आणि स्वागत सरांचं. मी वन्संना वाचून दाखवला. म्हटलं, "गेटवर विचारतील साहेब कुठे आहेत, तेव्हा काय करायचं?"

"तेव्हा खरं सांगायचं."

"आणि नाही सोडलं आत तर?"

वन्संनी मेथी बाजूला ठेवली. "तर गेटसमोर रस्त्यावर अंथरूण घालायचं. तू हवं तर परत ये, वहिनी. मी काही घरी यायची नाही."

एवढ्या वर्षांत त्या कशाला नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी माळ्यावरून आमच्याच दोन सतरंज्या काढल्या आणि उन्हात टाकल्या.