दिगूच्या पानावरचं ‘ठणठणीत’

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहालीशेजारच्या आमच्या शहरात, सेक्टर सतराच्या प्लाझात पावलं टाकून जागा मोजत होतो. यंदा आपलं ढोलपथक तिथेच वाजवायचं, हे त्याचं वेड. फोन ठेवला तरी मी मोजतच राहिलो... चाळीस ढोल आरामात मावतात, हे त्याला सांगायचं होतं.

दिगू मूळचा सांगलीचा, इथल्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं लेथचं वर्कशॉप. मशीन बंद झालं की हा माणूस सुरू व्हायचा. नॉलेज सिटीत संशोधन करणारी पोरं, मोहालीतल्या आयटीतल्या मुली, सगळ्यांच्या कमरेला त्याने ढोल बांधला. त्याचा पहिला ठोका पडला की अंगावर काटा यायचा, आणि शेजारच्या वर्कशॉपमधले सरदारजी हातातलं काम टाकून नाचायला यायचे. पण शिस्त कडक. वहीत प्रत्येकाचं एक पान, त्यावर त्याचा आजार. खोकला असेल त्याला सुट्टी, आणि जुनं दुखणं असेल त्याच्या हाती ढोल नाही, झांज. स्वतःच्या पानावर त्याने ठसक्यात लिहिलं होतं, ‘ठणठणीत’. त्याला मधुमेह आहे, हे त्याच्या बायकोखेरीज, म्हणजे सुलभावहिनींखेरीज, फक्त मला ठाऊक होतं.

“झांज घेऊन उभा राहू होय रे मी?” म्हणायचा. मी हसायचो.

जानेवारीत त्याला फ्लू झाला. वहिनी माहेरी गेलेल्या, म्हणून पथकातल्या मृणालच्या गाडीतून मीच त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “पुरानी कोई बीमारी? शुगर, बीपी?” मृणाल शेजारीच उभी होती. “एकदम फिट हूँ जी,” दिगू म्हणाला आणि टेबलाखाली त्याने माझा गुडघा दाबला. मी गप्प बसलो. तापाची गोळी घेऊन आम्ही परतलो. चौथ्या दिवशी त्याला धाप लागली. मोठ्या हॉस्पिटलात कळलं, साखर भलतीच वाढलेली, न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की हाच विषाणू एखाद्याला आठवड्यात सोडतो. पण मधुमेह, दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल तर जिवावर बेतू शकतं, म्हणून अशांना औषध लवकर सुरू करतात. “पहले दिन पता होता तो...” एवढं बोलून ते थांबले. तो वाचलाच असता असं नाही. पण एक संधी होती, आणि ती मी गप्प राहून घालवली. दिगूचा मला राग येतो, माझा त्याहून जास्त.

गेल्या रविवारी सराव पुन्हा सुरू झाला. पोरं नुसती पेटली होती, आणि इतक्या दिवसांनी मलाही आतून उसळी आली. वाजवण्याआधी मी दिगूचं पान सगळ्यांना दाखवलं आणि त्या दवाखान्यातलं सगळं सांगून टाकलं. मग मृणाल उठली, पेन मागितलं आणि आपल्या पानावर लिहिलं, ‘दमा’. तिच्यामागे आणखी दोघं उठली.

शेवटी मी माझं पान काढलं. तिथेही दिगूच्या अक्षरात ‘ठणठणीत’. तीन वर्षं मी बीपीची गोळी घेतोय. त्याचं मी झाकलं होतं, माझं त्याने. मी ते खोडलं, खरं लिहिलं, आणि कमरेचा ढोल सोडून झांज उचलली.