गाववाल्याशी बोलू नको

सुदामा नगरच्या कुमुदताई लेले वकील. आधी त्यांचं नाव, माझं रडगाणं नंतर. त्या नसत्या तर हे लिहायला मी बाहेर नसतो. गेल्या महिन्यात बेटम्याला गाडीतून माल उतरवत होतो, तेव्हा त्यांचे कागदपत्र सांभाळणाऱ्या मुंशीजींचा फोन आला... ताई गेल्या. पोती तशीच टाकून रस्त्याच्या कडेला बसलो.

मी परभणीकडचा, सातवीत शाळा सुटलेली. पोटासाठी या हिंदी मुलखात आलो, बडा गणपतीजवळच्या गोदामात कामाला होतो. तिथं चोरी झाली. चावी माझ्याकडे आणि परका मीच, पोलिसांना तेवढं पुरलं. ठाण्यात मारलं, पण न केलेल्या चोरीचं काय निघणार? मग जेल. तिथं काही दिवसांनी शेजारी एकजण आला आणि चक्क मराठीत म्हणाला, "भावा, कुठला रे तू?" हिंदी ऐकून कान किटलेले, मला रडूच आलं. मग तो रोज हळूच विचारायचा, माल कुठं ठेवलास, जोडीला कोण होतं.

माझी केस ताईंनी घेतली होती. त्या जेलात भेटायला आल्या तेव्हा खुशीत सांगितलं, गाववाला भेटला. जाळीपलीकडे त्या खवळल्याच. "गाववाला नाही बेटा, खबरी आहे तो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून याला कैदी करून धाडलाय. गप्प राहणं हा तुझा हक्क आहे."

मी म्हणालो, ताई, मराठी बोलल्याशिवाय राहवत नाही हो.

त्या म्हणाल्या, "मग स्वयंपाकाचं बोल. बाकी एक अक्षर नाही, समझा?"

तसंच केलं. तो मालाचं विचारायचा, मी आईची शेंगदाण्याची चटणी सांगायचो. "तू चोर आहेस का आचारी?" म्हणून वैतागायचा. तरी त्या हलकटानं कोर्टात शपथेवर सांगितलं, यानं कबूल केलं. ताईंनी शांतपणे विचारलं, आणखी काय बोलायचा हा?

"और क्या साब, बस खाने की बातें. दूसरी बात ही नहीं करता था."

जजसाहेब लिहिता लिहिता थांबले. मी सुटलो.

त्याला मी माफ केलेलं नाही. माझी भाषा गळाला लावून त्याला आत सोडणाऱ्यांना तर मुळीच नाही. ताईंच्या तेराव्याला त्या पोलिसांतलाच एक हार घेऊन आला होता. मी त्याला बसायला जागा दिली नाही.

सुटल्यापासून दर दिवाळीला ताईंना चटणीचा डबा नेत होतो. परवा मुंशीजींनी तो घासून परत दिला. रिकामा डबा हातात धरवेना... आता कोर्टाच्या ओट्यावर कुणी परगावची आई लेकासाठी बसलेली दिसली की हाच डबा भरून तिच्याजवळ बसेन. आत लेकाला काय सांगायचं, ते ताईंच्या शब्दांत सांगेन. तुमचं फेडीन, ताई. आज ना उद्या, पण फेडीन.