सरपंचकाकी पडल्या त्या वर्षी

लग्नानंतर दोन वर्षांनी मी साताऱ्याकडून नवी मुंबईत आले. इथे सगळ्या उंच इमारतीच असतील असं मनात होतं. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आलं ते कळंबोलीपासून जवळचं, खाडीच्या अंगाला असलेलं एक जुनं गाव. आमचे हे लोखंड बाजारात माथाडी होते. गावातल्या एका घराच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या चार खोल्या काढलेल्या होत्या, त्यातली एक आमची. बाकीच्या तिन्हींतही घाटावरचीच माणसं.

त्या घराची मालकीण म्हणजे काकी. नववार साडी काष्टा मारून नेसलेली, कमरेला रुमाल, आणि आवाज असा की अंगणात बोलली तरी मागच्या खोल्यांत ऐकू यायचं. मी आले त्याच वर्षी ती सरपंच झाली होती.

झाली कशी, ते तीच हसत सांगायची. गावातल्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात गेल्या होत्या, आणि पंचायतीत आधीपासून तिच्या दिराचं वजन होतं. त्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. दिरानं घरात येऊन वहिनीला उभं केलं. खुर्चीत वहिनी बसेल, कारभार आपण बघू, असा साधा हिशेब. काका खाडीवर जाळं टाकायला जायचे, राजकारणातलं काहीही विचारलं की म्हणायचे, "तिला विचार." पहिलं वर्षभर काकी सभेत बसायची, दीर बोलायचा, आणि ती सही करायची.

हा हिशेब बिघडला तो एका खोलीपायी.

मी गावाकडे दहावीपर्यंत शिकले होते. इथे दिवसभर काही काम नसायचं. हे पहाटे बाजारात जायचे, मग मी काकीच्या ओट्यावर बसून तिच्या नातवंडांना गाणी म्हणून दाखवायची. हळूहळू शेजारची चार पोरं आली, मग भाडेकरूंची आली. अंगण पुरेना, तशी पोरं खेळत खेळत रस्त्यावर जायला लागली. त्या रस्त्यावरून भरणीच्या मातीचे ट्रक दिवसभर जात. एका सकाळी ट्रक मागे घेताना एका मुलीला धक्का लागला. हात मोडला, जीव वाचला. त्या मुलीला मांडीवर घेऊन काकी ओट्यावर बसली होती, ते तिचं तोंड मला अजून दिसतं. पांढरंफटक.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन देवळामागच्या पंचायतीच्या खोलीवर गेली. खोलीत दिराच्या मर्जीतल्या ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोण्या भरलेल्या. दिराला बोलावलं.

"ही खोली मना पोरांसाठी पायजे," काकी म्हणाली.

"वहिनी, सिमेंट कुठं ठेवू? पावसात दगड होईल त्याचा."

"तुज्या घरान ठेव. तुजं घर मोठं हाय."

दीर हसला. त्याला ती थट्टा वाटली. काकीनं पदर खोचला आणि पहिली गोणी ओढायला घेतली. मी दुसरं टोक धरलं. बाया पाण्याला चालल्या होत्या, त्यांनी हंडे खाली ठेवले. दुपारपर्यंत सगळ्या गोण्या दिराच्या पडवीत जाऊन पडल्या. आम्ही सगळ्या डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. त्या दिवसानंतर सभेत काकीच बोलायला लागली.

बालवाडी सुरू झाली. पंचायतीच्या ठरावानं मला तिथं नेमलं, थोडं मानधन ठरलं. मी आयुष्यात कधी स्वतःच्या नावानं काही मिळवलं नव्हतं. पहिल्यांदा मानधन हातात आलं तेव्हा ह्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तुजं हाय, तू ठेव. मला कशाला दावतीस?" पण रात्री जेवताना त्यांनी शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा सांगितलं, "आमची बाई आता मास्तरीण हाय बरं का."

पोरं मला बाई म्हणायची. गावातल्या मोठ्या माणसांना मात्र मी "घाटावरची"च होते. ते काही वाईट मनानं म्हणत नव्हते. घाटावरची होतेच मी. काकी तेवढी "बाय" म्हणायची, आपल्या लेकीला म्हणायची तसंच.

अशी चार वर्षं गेली आणि निवडणूक आली. काकी पुन्हा उभी राहिली. दीर वेगळ्या वॉर्डातून उभा होता, पॅनेल एकच. काकीच्या वॉर्डात तिच्यासमोर खालच्या आळीतली एक बाई होती. वयानं काकीएवढीच, मच्छी विकून घर चालवलेली, तोंडानं फटकळ. तिची निशाणी छत्री, काकीची कपबशी. भिंती चुन्यानं पांढऱ्या करून त्यावर निळीनं कपबश्या काढल्या होत्या. बालवाडीतली पोरं दोन्ही पॅनेलच्या घोषणा एका सुरात द्यायची. कुणाची कुठली ते त्यांना माहीत नव्हतं.

आधी सगळं पाण्यावर, गटारावर चाललं होतं. मग एका सभेत छत्रीवाली बाई उभी राहिली आणि म्हणाली, "गावाच्या सुना शिकलेल्या घरान बसल्यान, आनि घाटावरची बाई खुर्चीवर. ही आपली सरपंच की त्यांची?"

ते वाक्य गावभर झालं. नळावर, दुकानात, पिठाच्या गिरणीत. गिरणीत माझं दळण मागे राहायला लागलं. कुणी काही बोलायचं नाही, नुसतं आधी दुसऱ्याचं घ्यायचं.

एके दिवशी दुपारी मी काकीच्या चुलीपाशी तिला तांदळाच्या भाकरी थापायला मदत करत होते, तेव्हा दीर आणि गावातली दोन जाणती माणसं आली. मला बघून थांबली. काकी म्हणाली, "बोला, ती घरचीच हाय."

दीर खाली बसला. आवाज नरम होता त्याचा. "वहिनी, निवरनुकीपुरता बाईला थांबव. आपल्यातली एक पोरगी बसव तिथं. निवरून आलीस की परत आन हिला. कोन विचारतंय मंग?"

जाणत्यांपैकी एक माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी राग मानू नका. तुमच्यावर आमचं काय नाय. पन सीट जाते."

मला खरंच राग नव्हता आला. मी पिठाचा हात तसाच धरून म्हणाले, "काकी, मीच सोडते. तुमी कशाला पडता माझ्यापायी?"

काकीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तू सोडलंस त उद्या पोरां कुठं बसतील? टरकाखाली?" मग दिराकडे बघून म्हणाली, "तिला मी नाय ठेवली. पोरांनी ठेवली. एक तरी पोर घरान रडत बसतंय काय जाताना? मना पारायचं त लोकं पारतील. पन हिला खोट्यानं घालवून खोट्यानं परत आनायचं, ते मना जमनार नाय."

"वहिनी, राजकारन असा नसतो."

"नसंल. भाकरी खातस काय?"

त्यांनी भाकरी खाल्ली. तिघांनीही. चुलीपाशी बसून, सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर, मान खाली घालून. आणि मग गेले.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी जेवण उरकलं, हात धुतले. मग म्हणाले, "आपली दोघांची मतं तरी तिला पडाय पायजे होती." पण आमची नावं गावाकडच्या यादीत. चारी खोल्यांत मिळून काकीला देता येईल असं एकही मत नव्हतं. जिच्यावर भाडेकरूंची बाजू घेतली म्हणून ठपका होता, तिला भाडेकरूंचा काडीचा उपयोग नव्हता. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मतदानाच्या दिवशी बालवाडीची खोलीच मतदान केंद्र होती. मी पोरांना घेऊन देवळाच्या मंडपात बसले. सकाळी एका बाईनं आपलं तान्हं माझ्याकडे दिलं, रांगेत उभं राहायचं म्हणून. ते बघून दुसरी आली. थोड्या वेळानं दोन्ही पॅनेलच्या बाया येऊन पोरं सोपवून जायला लागल्या. छत्रीचे बिल्ले लावलेल्या, कपबशीचे बिल्ले लावलेल्या. मंडपात पोरांचा नुसता बाजार. दुपारी उन्हात ती छत्रीवाली बाई स्वतः आली. कडेवर नातू. माझ्याकडे न बघता, देवळाच्या कळसाकडे बघत म्हणाली, "जरा बघ याला. याची आय रांगेन हाय, मना बुथवर बसायचं हाय."

मी हात पुढे केले. पोरगं माझ्याकडे झेपावलं. रोजचंच होतं ते, तीन महिने माझ्या चटईवर बसत होतं. तिनं एक क्षण आम्हा दोघांकडे बघितलं आणि निघून गेली.

मतमोजणी पनवेलला तहसील कार्यालयात झाली. दुपारी गुलाल उडवत छत्रीवाल्यांचा ट्रक आला तेव्हा कळलं. दीर आपल्या वॉर्डात निवडून आला होता. काकी पडली होती, अगदी थोडक्या मतांनी. ट्रक मुद्दाम आमच्या दारावरून दोनदा गेला. दोन दिवस काकी ओट्यावर दिसली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाय, चा ठेव."

इतक्या वर्षांत ती आमच्या खोलीत कधी बसली नव्हती. दारातूनच बोलायची, घाईत असायची. हे नुकतेच कामावरून आले होते. गडबडीनं उठून सतरंजी झटकायला लागले. काकी जमिनीवरच बसली, पाय पसरून.

"पाच वरसां मी चा उभ्यानंच पिला," ती म्हणाली. "आज बसून पिते."

हे सतरंजी हातातच धरून म्हणाले, "काकी, आमच्यापायी झालं हो."

"तुमच्यापायी कनाला? मानसांना वाटला, आता दुसरीला बघू. बघू देत." आणि बशीत चहा ओतून फुंकर मारायला लागली.

नव्या सदस्यांनी छत्रीवाल्या बाईलाच सरपंच केलं. पहिल्या ग्रामसभेला मी जाणार नव्हते. काकी स्वतः येऊन मला घेऊन गेली. बायांच्या रांगेत मागे बसलो. पाच वर्षं टेबलामागे बसलेली बाई आता सतरंजीवर, माझ्या शेजारी, मांडी घालून बसली होती. तिला अवघडल्यासारखं वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

विषय निघायचाच होता. एका तरुण कार्यकर्त्यानं उठून म्हटलं, "बालवाडीच्या बाईचं काय? बदलायचं ठरलं होतं."

काकी बोलेल असं वाटलं, पण ती बोलली नाही; नव्या सरपंचबाईकडे बघत बसली. बोलली ती रांगेतली एक सून, छत्रीच्याच घरातली. "बदलाल त मी माझा पोर पाठवनार नाय." तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी नाय." मग मागून पुढून आवाज यायला लागले.

सरपंचबाईनं टेबलावर हात आपटला. "गप बसा गो! मी काय बोलले तरी काय अजून?" मग त्या तरुणाकडे वळली. "निवरनुकीत बोललो, ती निवरनूक झाली. माझा नातू सकाली उठला की बाईचा नाव घेतो, आज्जीचा नाय घेत. पुढचा विषय काय हाय? गटार ना? घ्या."

सगळी सभा हसली. काकी तर तोंडावर पदर धरून हसत होती. बाहेर पडताना ती थेट सरपंचबाईकडे गेली आणि तिच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "चांगली बोललीस." ती म्हणाली, "तुज्यासाठी नाय बोलले." दोघी गटाराबद्दल बोलत बोलत देवळाच्या पायऱ्या उतरल्या.

मी त्या खोलीत पुढे कितीतरी वर्षं शिकवलं. पनवेलला प्रशिक्षण घेतलं, त्या जोरावर पुढे चांगली नोकरी लागली, जुईनगरला घर झालं. हे सगळं मी मोजून दाखवायला गेले की प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी ती सिमेंटची गोणी ओढणारी बाई येते. आणि जरा मागे, नाइलाजानं का होईना, ती छत्रीवालीही.

निवडणूक झाली त्याच हिवाळ्यात सासूबाई गावाहून आल्या होत्या. सुनेला मास्तरीण करणारी सरपंचीण त्यांना बघायची होती. येताना पिशवीभर घेवडा आणला होता. काकीच्या ओट्यावर दोघी समोरासमोर बसल्या. एकीचं बोलणं दुसरीला निम्मंच कळत होतं, पण थांबत कुणी नव्हतं. सासूबाई सरळ माणूस; त्यांनी विचारलंच, "पडल्याचं वाईट नाय वाटलं व्हय तुमास्नी?"

मी चपापले. काकीनं मात्र विचार करून उत्तर दिलं.

"वाटला त. लय वाटला. दोन दिस घास गेला नाय. मंग तिसऱ्या दिसा सकाली देवलामागं पोरां गाना म्हनत व्हती, ती घरान ऐकू आली. तवा उठून जेवले."

सासूबाईंनी मान डोलावली. मग पिशवी पुढे सरकवून घेवडा किती वेळ भिजवायचा, कसा शिजवायचा, ते सांगायला लागल्या. काकीनं मूठभर दाणे तळहातावर घेऊन नीट बघितले आणि विचारलं, "यान सुका जवला घातला त चालंल काय?"