शटरखालची खाच

शरणप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी ट्रॅक्टरच्या शेडचं शटर वर ढकलत होतो. त्याचा थोरला पोरगा सांगायला आला. त्याला आता महिना होत आला. माझी शाळा तिसरीतच सुटली, तरी हे मीच लिहिणार. दुसऱ्यानं लिहिलं तर त्यात शरणप्पा येणार नाही.

आमची घरं शेजारी, वावरं बांधाला बांध लागून. माझ्या शेडचा लाकडी उंबरा वाळवीनं खाल्ला होता, फटीतून पाणी शिरून बियाणं भिजायचं. म्हटलं, काँक्रीटच ओतू. गौंडी बोलवायचा नाही, ही माझी अट. जुना उंबरा उपटला, फळ्या ठोकल्या, दोघांनीच माल कालवून ओतला, थापीनं बाहेरच्या अंगाला उतार दिला. सांज झाली. शरणप्पानं ओल्या काँक्रीटवर कपाळाला लावायच्या इबतीची, भस्माची, तीन बोटं ओढली आणि मी हात धुवायला गेलो तेवढ्यात शटर खाली घेतलं. नवा उंबरा रातीला उघडा ठेवायचा नसतो, ही त्याच्या घरची रीत.

सकाळी शटर हलेना. खालची पट्टी काँक्रीटात रुतलेली, ट्रॅक्टर आत आणि पेरणी तोंडावर. "शटर कामून ओढलास रे?" म्हटलं. "उंबरा उघडा ठिवतेत व्हय? तुझ्या घरात रीत न्हाई, आमच्यात हाय." "मग तुझ्या रीतीलाच सांग, ट्रॅक्टर बाहेर काढ म्हणावं." तो हसला आणि छिन्नी घेऊन आडवाच झाला. दुपारपर्यंत तो ठोकतोय, मी पहारीनं उचलतोय... शटर सुटलं, पेरणी साधली. उंबऱ्यात मात्र लांबच्या लांब खाच राहिली.

नवल पुढंच. पावसाळ्यात शटर त्या खाचीत असं बसलं की आत थेंब आला नाही. शरणप्पा गावभर सांगत सुटला, "खाच मी मुद्दाम ठिवलो." मी चारचौघांत दरवेळी त्याला खोटा पाडला. हाटेलात आमचं हे भांडण लागलं की लोक दुसरा चहा सांगायचे. शेवटच्या दुखण्यात खाटेवरून म्हणाला, "एकदा तरी व्हय म्हण की रे." म्हटलं, "मरूस्तर म्हणणार न्हाई." दोघंही हसलो...

परवा त्याच्या पोरानं त्यांच्या शेडचा उंबरा बदलायला काढला. गौंड्याला माझी खाच दाखवायला घेऊन आला. गौंडी उकिडवा बसला, खाचीतून बोट फिरवलं. "ही कुणाच्या डोक्यातली?" पोरगा माझ्या तोंडाकडं बघायला लागला. भांडण त्यालाही ठाऊक.

"ह्याच्या बापाच्या," मी म्हटलं. "मुद्दाम ठिवली त्यानं. तुम्हीबी शटर ओल्यातच ओढा. फक्त ट्रॅक्टर आधी बाहेर काढून घ्या."