पाठ देवाकडे, तोंड रस्त्याकडे

लहूमामांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना उलटं उभं केलं. चर्चच्या दारात, पाठ वेदीकडे आणि तोंड रस्त्याकडे. निवृत्त नर्स असलेल्या सेराफिनबाईंनी ताबडतोब हरकत घेतली. देवाला पाठ दाखवायची नाही हे त्या लहानपणापासून शिकल्या होत्या. मलाही जरा अवघडल्यासारखं झालं, कारण देवळातून निघताना उलट्या पावलांनी बाहेर यायचं हे आमच्या कुडाळातही शिकवतात. मामा स्वतः एकवीरेचे भक्त. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं, कान खाजवला आणि म्हणाले, "देवाला बघायला आत दोनशे माणसं हायत. रस्त्याला बघायला कोन हाय?"

सेराफिनबाई रस्त्याकडे वळल्या. आमची शिकवणी सुरू झाली.

आम्ही म्हणजे एकूण सात-आठ जण. गायनमंडळातली पोरं, सेराफिनबाई, बँकेतून निवृत्त झालेले डिमेलो अंकल आणि मी. मी ख्रिस्ती नाही, एका कचेरीतला साधा कारकून. परळ गावातल्या त्या गल्लीत लोबो आंटीच्या माळ्यावर भाड्याने राहत होतो, इतकाच माझा त्या चर्चशी संबंध. पण आंटीचं म्हणणं असं की रविवारी तिच्या हातचं जेवायला ज्याला धर्म आड येत नाही, त्याला रविवारी तिच्या चर्चच्या दारात उभं राहायलाही येऊ नये. मुद्दा बिनतोड होता आणि कालवण त्याहून.

गिरणी संपाला तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली होती. त्या वर्षी कुठे कुठे चर्चवर हल्ले झाल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. त्या लांबच्या होत्या तोवर आमची गल्ली त्या वाचून घडी घालून ठेवत होती. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी गल्लीच्या तोंडावरच्या क्रुसाभोवतीची काच फुटलेली सापडली. कोणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर प्रार्थनेला बसलेली माणसं मागे वळून दाराकडे बघू लागली. चर्चच्या कमिटीने दोन गोष्टी ठरवायला घेतल्या. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या वेळी फाटकाला कुलूप घालायचं, आणि सप्टेंबरात माउलीच्या, म्हणजे देवमातेच्या सणाला पालखी गल्लीतून फिरते ती यंदा काढायची नाही.

फादर आल्बान हे मृदू गृहस्थ. ते एवढंच म्हणाले की कुलूप घातलेल्या देवळात आपण बसलो तर देवाला बाहेरून ठोठवावं लागेल.  शेवटी तडजोड झाली, की कोणीतरी चार स्वयंसेवकांना नीट शिकवून तयार करावं, मग पालखीचं बघू. शिकवणार कोण? आंटी म्हणाली, आपला लहू आहे की. पुतळाबाईचा नवरा.

पुतळाबाई कोण हे गल्लीत कोणाला सांगावं लागत नसे. चर्चच्या भिंतीला टेकून ती मासळी विकायची. शीव कोळीवाड्याची. आवाज असा की चर्चची घंटा नादुरुस्त असती तरी चाललं असतं. लहूमामा तिच्या शेजारी भिंतीवर बसलेले असायचे. त्यांची उमर गिरणीच्या गेटवर जमादारी करण्यात गेली होती. सुटणाऱ्या पाळीची झडती घ्यायची, आत जाणाऱ्याची पिशवी बघायची. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. इतर कामगारांचं काम गेलं, यांचं तर गेटच गेलं. तेव्हापासून सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बायकोची टोपली आणायची, बर्फ फोडायचा आणि मग भिंतीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात न्याहाळायचे, हा त्यांचा दिनक्रम. पुतळाबाई गिऱ्हाइकाला सांगायची, "त्याच्याकडं ध्यान देऊ नको. पगार न्हाय, पन ड्युटी चालू हाय."

फादरांनी त्यांना बोलावून विचारलं तेव्हा मामांनी दुसऱ्या दिवशी उत्तर देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. शर्टाच्या खांद्यावर गिरणीची पट्टी काढून टाकल्याची खूण होती.

डिमेलो अंकलना हॉकी स्टिका घ्यायच्या होत्या. त्यांनी भावसुद्धा काढून आणला होता. मामा म्हणाले, काठी हातात आली की माणूस भांडण शोधायला लागतो. आपलं काम भांडायचं नाही, आपली माणसं बाहेर काढायचं. त्यांनी बाजूचं दार उघडायला लावलं. त्याची कडी गंजून बसली होती. म्हातारी आणि पाय दुखणारी माणसं यापुढे त्या दाराजवळच्या बाकांवर बसतील असं ठरलं. त्यावरून त्या बाकांवर पिढ्यानपिढ्या बसणाऱ्या दोन कुटुंबांनी आठवडाभर एकमेकांशी अबोला धरला, पण सरकून जागा दिली.

दारात कसं उभं राहायचं, हा मामांचा खास विषय. चेहरा बघू नका, हात बघा. चेहरा खोटं बोलतो, हात विसरतो. आणि येईल त्याला नमस्कार करा. हसून. समोरच्याला नमस्कार करायला दोन्ही हात वर आणावे लागतात. जो आणत नाही, त्याच्या जवळ जाऊन काय मदत हवी ते विचारा. सेराफिनबाईंना हे फार आवडलं. चाळीस वर्षं लोकांना इंजेक्शनं देऊनही इतकी माणसं आपल्याकडे बघून कधी हसली नव्हती, असं त्या म्हणाल्या.

सगळं छान चाललं होतं. मग एका रविवारी मिस्सामध्ये घंटी वाजली.

वेदीवरची ती लहान घंटी वाजली की सगळे गुडघे टेकतात, मान खाली घालतात, डोळे मिटतात. जन्माची सवय. दारातले आमचे स्वयंसेवक घंटी वाजताच एका अंगाने वळले, गुडघ्यावर आले आणि डोळे मिटून स्तब्ध झाले. मी आधाराला मामांकडे बघितलं. मामा हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभे होते. घंटी कोणत्या का देवाची असेना, कोळ्याचे हात आपोआप जुळतात. त्या क्षणी परळ गावातल्या त्या चर्चचं रक्षण एकटा मी करत होतो, आणि मलाही डोळे मिटायची फार इच्छा झाली होती.

मामा त्या दिवशी मनाला लावून घेऊन बसले. डिमेलो अंकलनी चहा पाजला. ते म्हणाले, "लहू, तुझ्या गिरणीत भोंगा होता, घंटी नव्हती. तुझा काय दोष?" तोड फादरांनी काढली. दारातल्यांनी घंटीला डोळे उघडेच ठेवायचे, हीच त्यांची प्रार्थना. "माउलीलाही मूल चालायला लागलं तेव्हा डोळे मिटून चाललं नसेल," एवढं त्यांनी सेराफिनबाईंना सांगितलं, आणि त्या विरघळल्या.

पालखीची तालीम मात्र कंपाउंडात झाली. लालबागच्या एका गणेशमंडळाकडून मामांनी दोरखंड मागून आणला. दोर धरून कडं करायचं, मध्ये पालखी. दोरात गेल्या विसर्जनाचा गुलाल इतका मुरलेला होता, की पांढऱ्या कपड्यातली गायनमंडळाची पोरं तालमीनंतर गुलाबी होऊन घरी गेली. आयांनी फादरांकडे तक्रार केली. फादरांचाही झगा गुलाबी होता.

तालीम बघून कमिटीला धीर आला. मग डिमेलो अंकलनी एक साधा प्रश्न विचारला. मिरवणुकीत सगळ्यात धोक्याची जागा कोणती? मामा आधी दोर गुंडाळत राहिले. मग त्यांनी खरं ते सांगितलं. मिरवणूक जिथं थांबते ती. चालत्या माणसांना काही करणं कठीण. थांबली की गर्दी आत घुसते, दोर ढिला पडतो.

"मग थांबवायची नाही," डिमेलो अंकल म्हणाले. "चर्चपासून चर्चपर्यंत, कुठेही नाही. ही अट मान्य असेल तर काढू पालखी."

मामांनी मान हलवली. लोबो आंटी तिथेच होती. तिने मामांकडे बघितलं आणि ओठ आवळले. मला काही कळलं नाही. ते तिने मला रात्रीचं जेवण वाढताना सांगितलं.

पालखी दरवर्षी एकाच ठिकाणी थांबायची, पुतळाबाईच्या टोपलीपाशी. संपाच्या पहिल्या वर्षी घरात काही उरलं नव्हतं तेव्हा ती उसनी टोपली घेऊन या गल्लीत आली. बाजारातल्या जुन्या कोळणींनी तिला बसू दिलं नव्हतं. तेव्हाच्या फादरांनी चर्चच्या भिंतीची सावली दिली. त्याच सणाला पालखीवाले खांदे बदलायला नेमके तिच्यासमोर थांबले. तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं, म्हणून तिने अंबाड्यातली अबोलीची वेणी काढून माउलीला घातली. तेव्हापासून दर सणाला पालखी तिथे खांदे बदलते आणि पुतळाबाई अबोलीचा हार घालते. आत चर्चमध्ये मात्र ती कधी गेली नाही. इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून बसली, पण उंबरा ओलांडला नाही. अंगाला मासळीचा वास, शुभ्र कपड्यातल्या बायकांच्या शेजारी कुठे जायचं, असं म्हणायची. तिची माउली तिला वर्षातून एकदा, रस्त्यावर भेटायची.

"आनि तेच थांबणं त्याने सोडून दिलं," आंटी म्हणाली. "नाय सोडलं असतं तर पालखीच नाय निघती. आता तिला सांगणार कोण?"

मामांनी सांगितलं नाही. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा ते भिंतीवर बसून बर्फ फोडत होते आणि पुतळाबाई शेजारी अबोली ओवत होती. तिने मला हार दाखवला. मी छान आहे म्हणालो आणि घाईघाईने एक पापलेट घेतलं, जे मला परवडणारं नव्हतं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते घासाघीस न करता उचललं.

सणाच्या दिवशी मिस्सा संपली आणि दुपार कलताना पालखी निघाली. पुढे क्रूस, मग गायनमंडळ, मग दोराच्या कड्यात माउली. वरच्या गॅलऱ्यांतून फुलं पडत होती. लालबागच्या मंडळाची पोरं रस्ता मोकळा ठेवायला आपणहून आली होती. कड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला सेराफिनबाई. मामा सगळ्यांच्या पुढे, उलटे चालत, सगळ्यांचे हात बघत.

भिंतीपाशी पुतळाबाई उभी होती. नवं हिरवं लुगडं, अंबाड्यात फूल, हातात हार. पालखी जवळ आली तशी ती सवयीने पुढे झाली आणि सेराफिनबाईंनी दोर ताणला. मामांनी शिकवलं होतं तसाच. ओळखीच्या माणसाला सूट नाही. पालखी थांबली नाही. पुतळाबाईला आधी कळलंच नाही. मग तिने मामांकडे बघितलं, आणि तिला कळलं.

ती ओरडेल अशी माझी खात्री होती. गल्लीचीही होती, दोन-तीन खिडक्यांतून माणसं वाकली. ती मात्र हार छातीशी धरून तिथेच उभी राहिली आणि माउली तिच्यापुढून निघून जाऊ लागली.

मामांचं उलटं चालणं चुकलं. ते थबकले, मग झपाझप चालत बायकोच्या बाजूला आले आणि तिच्याबरोबर पाऊल टाकू लागले.

"चाल," ते म्हणाले.

"कुठं?"

"ती थांबनार न्हाय. तू चाल."

मग चालता चालता त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितले. तिच्या कमरेला मासळीची सुरी असायची, ती काढून घेतली. हाराची पिशवी उघडून आत बघितलं. गिरणीच्या गेटवर ती डबा घेऊन यायची तेव्हाही म्हणे ते असाच डबा उघडून बघायचे, साहेब असो नसो. पुतळाबाईने सगळं मुकाट्याने करू दिलं. फक्त एवढं विचारलं, "डब्याला वास येतो का, जमादार?"

"येतो," मामा म्हणाले. "जाऊ दे आत." शेवटचं सेराफिनबाईंना होतं. त्यांनी दोर उचलला.

पालखी चालती होती, हार घालणं शक्य नव्हतं. म्हणून पुतळाबाई हार घेऊन माउलीच्या बाजूने चालत राहिली. गल्ली संपली, वळण आलं, पोलिस वसाहतीची भिंत मागे पडली, पुन्हा चर्च दिसू लागलं. फाटकापाशी ती अडखळली. तिथून पुढे कधी आलीच नव्हती. पण कड्याला थांबायची परवानगी नव्हती. मागून लोबो आंटीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पालखीबरोबर उंबऱ्याच्या आत गेली.

आम्ही स्वयंसेवक दारात आपापल्या जागी उभे राहिलो. पाठ वेदीकडे, तोंड रस्त्याकडे. मामा मधोमध. त्यांच्या हातात बायकोची सुरी होती, ती त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. आत गाणं सुरू झालं. रस्त्यावर मंडळाची पोरं फुलं झाडत होती, एक टॅक्सीवाला वाट बघत उभा होता, मांजर भिंतीवरची रिकामी जागा हुंगत होतं. मामा प्रत्येकाचे हात बघत होते.

आत माउली वेदीपाशी पोचल्याची घंटी वाजली. त्यांचे हात जुळले. डोळे मात्र त्यांनी उघडे ठेवले. पुष्कळ उघडे, आणि पाण्याने भरलेले.

"कारकुना," ते मान न वळवता मला म्हणाले, "तुझा रस्ता मी बघतो. जरा मागं बघ."

मी वळून बघितलं. माउलीच्या पायाशी पाट मांडला होता. पुतळाबाई त्यावर चढली होती आणि फादर तिला हात देत होते.

"घातला का?"

"घालतायत," मी म्हणालो. "गळ्यात नीट बसवतायत."

"वेळ लागंल," मामा म्हणाले. "तिला लागतो."