मीठ कमी आहे

शाळेत जेवण शिजवणाऱ्या बाईला आम्ही पळीमावशी म्हणायचो. लांब पळी तिच्या हातातून सुटायची नाही आणि राग नाकावरून उतरायचा नाही. पत्र्याच्या शेडमधून फोडणीचा वास वर्गात शिरला की आमची गणितं आपोआप चुकायला लागायची. तो वास आठवला की अजून भूक लागते.

मला मात्र घास गोड लागायचा नाही. आई लोकांची धुणीभांडी करायला जायची आणि धाकटा भाऊ तोवर शेजारणीच्या ओट्यावर उपाशी बसलेला असायचा. शाळेत घालण्याएवढं त्याचं वय नव्हतं, आणि जेवण फक्त शाळेतल्या मुलांना. घरी न्यायला सक्त मनाई. मग मी अर्धा डाळ-भात कंपासपेटीत दडवायचे. एकदा डाळ गळली, दप्तराला पिवळी धार लागली आणि मावशीने नेमकं पाहिलं.

"भाताला भूमिती शिकवतेस का गं?"

मी रडतरडत सगळं सांगितलं.

"उद्या घेऊन ये त्याला," एवढंच ती म्हणाली.

मुलांना वाढण्याआधी हेडमास्तरांनी जेवण चाखायचं, असा शाळेचा नियम होता. दुसऱ्या दिवशी मावशीने भावाला त्यांच्यापुढे उभं केलं. "सर, तुमची जीभ तिखटाला सरावलेली. पोरांचं जेवण पोराच्या जिभेनं नको चाखायला? तुम्ही चाखाच, पण शेवटचा शब्द याचा."

सर हसले आणि "बरं" म्हणाले. भला माणूस.

तेव्हापासून भाऊ रोज चाखायला यायचा. "एका घासात काय डोंबल कळतंय?" म्हणत मावशी त्याला ताटभर वाढायची. स्वारी मांडी ठोकून सगळं फस्त करायची आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल द्यायची, "मीठ कमी आहे." मग मावशी पातेल्यावर चिमूट सोडायची. चिमूट रिकामी असायची. मला ते दिसायचं, पण मी कधी बोलले नाही. दयेवर जेवलो, असं त्याला वाटू नये म्हणून मोठेपणीही जीभ आवरली. त्याच्या गालांवर मांस चढलं ते त्याच ताटांनी.

परवा आम्ही दोघं मावशीला भेटायला गेलो. ती आता पार थकली आहे, तरी हट्टाने तिने डाळ-भात केला. भावाने पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"मीठ कमी आहे."

मावशी उठली, त्याच्या ताटावर चिमूट सोडली आणि तोंडाला पदर लावून खुदकन हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, चिमूट आजही रिकामीच होती."

मी थबकलेच. "तुला माहीत होतं?"

"मी पातेल्याएवढाच तर होतो. चिमूट अगदी डोळ्यांसमोर यायची." तो चपला घालत म्हणाला, "पण मीठ कमी म्हटलं की ती हसायची. एरवी कुठे हसायची गं?"